वारं गेलेल्या पायाचा इतिहास

१८८६ साली पॅरिसमध्ये तिशीही न गाठलेल्या एका डॉक्टरने भिंतीला लावायच्या कागदाची सात-आठ मीटर लांबीची पट्टी जमिनीवर अंथरली. रुग्णांच्या तळपायांना लोहाच्या ऑक्साइडची तांबडी पूड चोळली आणि त्यांना पट्टीवरून चालायला लावलं. मग उमटलेल्या पावलांची मापं घेतली. एक पाऊल किती लांब पडलं, दोन पावलांमध्ये आडवं अंतर किती, चवडा किती अंशांनी बाहेर वळला, हे सगळं त्याने नोंदून ठेवलं. या डॉक्टरचं नाव जॉर्ज जिल द ला तुरेत. आज हे नाव एका वेगळ्याच आजाराला चिकटलेलं आहे. माणसाच्या चालीवरचं त्याचं पुस्तक मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही.

हे काम चाललं होतं साल्पेत्रिएर रुग्णालयात. एके काळी तिथे बंदुकीच्या दारूचं कोठार होतं. पुढे ती पॅरिसमधल्या निराधार आणि म्हाताऱ्या बायकांची वसाहत झाली. शार्को या प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञाने तिथे आपलं शिक्षण-केंद्र उभं केलं, तेव्हा आवारात हजारो रुग्ण कायमचे मुक्कामाला होते. त्यांत अर्धांगवायू झालेल्या बायका भरपूर. एक बाजू लुळी पडलेला माणूस कसा चालतो, हे पाहायला याहून चांगली जागा युरोपात नव्हती.

ही चाल दुरूनही ओळखू येते. हात कोपरात दुमडून छातीशी घेतलेला, मूठ आवळलेली, आणि त्याच बाजूचा पाय काठीसारखा ताठ. पुढे टाकताना तो सरळ पुढे येत नाही, बाहेरून अर्धवर्तुळ काढत येतो. फ्रेंच डॉक्टरांना त्यात लांब दांड्याच्या कोयत्याने गवत कापणारा शेतकरी दिसला, आणि त्यांनी या चालीला नावही त्यावरूनच दिलं.

असं का होतं, याचं उत्तर पायात कमी आणि मेंदूत जास्त आहे. मेंदूकडून स्नायूंकडे निघालेल्या मज्जातंतूंपैकी बहुतेक मेंदूच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतला रक्तपुरवठा तुटला, तर उजवा पाय जातो. पहिले काही दिवस तो लुळा असतो. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्यात ताठरपणा येऊ लागतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पाऊल उचलताना चवडा वर ओढण्याचं काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो. तो दुबळा पडलेला असतो, तर मागची पोटरी आखडून टाच वर खेचत असते. चवडा खाली लोंबतो, पाऊल आतल्या बाजूला वळतं. गुडघा वेळेवर वाकत नाही. म्हणजे पाय जणू दोन इंचांनी लांब होतो, आणि तो जमिनीला घासू नये म्हणून माणूस कंबर वर उचलून त्याला बाहेरून फिरवतो. दुखऱ्या बाजूवर वजन टाकायची भीती वाटते, म्हणून त्या पायावर तो क्षणभरच टेकतो. पाऊल नेमकं कुठे पडलं याची जाणीवही अनेकदा गेलेली असते. मग प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून टाकावं लागतं.

हातापेक्षा पाय बरा सुधारतो, हा घराघरांतला अनुभव आहे. त्याला शरीररचनेत आधार सापडतो. अर्धांगवायूचे बहुतेक झटके मेंदूच्या बाजूने जाणाऱ्या मधल्या रोहिणीच्या प्रदेशात बसतात. हाताची आणि चेहऱ्याची सूत्रं तिथून हलतात. पायाचं केंद्र दोन अर्धगोलांच्या मधल्या आतल्या भिंतीवर असतं, आणि त्याला रक्त वेगळ्या रोहिणीतून मिळतं. शिवाय चालण्याचा ताल पूर्णपणे मेंदूवर अवलंबून नसतो. ब्रिटनमधल्या टी. ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जूही पाय आळीपाळीने हलवण्याचा ताल स्वतः निर्माण करू शकतो. ही गोष्ट पुढे ऐंशी वर्षांनी एका यंत्राच्या रूपाने रुग्णालयात येणार होती.

पण मेंदूपर्यंत पोचायला माणसाला फार वेळ लागला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा स्वतंत्र अध्याय आहे. कुपित वायू शरीराचा अर्धा भाग धरतो, शिरा आणि स्नायू सुकवतो, अशी तिथली उपपत्ती आहे. सुश्रुताने साध्य-असाध्यतेचा विचारही केला. नुसत्या वाताने झालेला पक्षाघात बरा व्हायला अतिशय कठीण, दुसऱ्या दोषाची जोड असेल तर आशा, आणि धातू झिजून झालेला असाध्य. उपचार म्हणजे तेल, शेक, रेचक, बस्ती. मराठी घरांत यातलं तेल आणि शेक टिकून राहिले. माणसाच्या अंगावरून वारं गेलं, की नारायण तेलाची बाटली निघायची, निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुरू व्हायचा. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगायचं, तर कुणी पारव्याचं मांस खायला घालायचं. पारव्याने आजवर कुणाचा पाय हलवलेला नाही, पण हा उपाय सांगणारे अजूनही भेटतात.

ग्रीकांनाही हा आजार ठाऊक होता आणि ते त्याला घाबरून होते. डोक्याला एका बाजूला मार लागला की विरुद्ध बाजूला आचके येतात, हे हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी टिपलं होतं. कॅपाडोशियाच्या अरिटीअसने मज्जातंतू एकमेकांना छेदून जात असावेत, असा तर्कही केला. मात्र झटका येऊन मेलेल्या माणसांची डोकी उघडून आत पाहिली, ती स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर याने. १६५८ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मेंदूत साकळलेल्या रक्ताचं वर्णन आहे. मज्जातंतू बाजू बदलतात ती जागा इटलीत मिस्तिकेल्लीने १७०९ मध्ये आणि फ्रान्समध्ये पुर्फूर द्यु पेतीने १७१० मध्ये दाखवली. कारण कळलं. चालण्यात मात्र तसूभर फरक पडला नाही.

त्या काळातला उपचार कसा होता, हे लुई पाश्चरच्या उदाहरणातून स्पष्ट दिसतं. १९ ऑक्टोबर १८६८ या दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या आणि रात्रीपर्यंत ती बाजू लुळी पडली. पॅरिसमधले नामांकित डॉक्टर धावून आले आणि त्यांनी त्याच्या कानांमागे सोळा जळवा लावल्या. पाश्चरची बुद्धी आणि वाचा शाबूत होती. आठवडाभरात त्याने अंथरुणातूनच विज्ञान अकादमीसाठी रेशीमकिड्यांवरचं टिपण सांगून लिहवून घेतलं. तीन महिने पुरे व्हायच्या आत, जानेवारी १८६९ मध्ये, डॉक्टरांचा विरोध असताना तो दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या कामावर पुन्हा रुजू झाला. डावा हात आखडलेला राहिला, डावा पाय आयुष्यभर ओढावा लागला. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरची लस, अँथ्रॅक्सची लस, १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला दिलेली रेबीजची लस, हे सगळं काम त्याने या ओढत्या पायाने केलं. झटक्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला. त्याचा पाय सुधारावा म्हणून पद्धतशीर काही करावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही, कारण त्या काळच्या वैद्यकात तशी पद्धतच नव्हती.

एकोणिसावं शतक बघण्यात रमलं होतं. लंडनच्या रॉबर्ट बेंटली टॉडने १८५० च्या दशकातल्या व्याख्यानांत फरक सांगितला होता: मेंदूच्या आजाराने लुळा झालेला पाय कमानीत फिरतो, हिस्टेरियाचा पाय मात्र निर्जीव वस्तूसारखा मागून फरफटत येतो. जिल द ला तुरेतने तांबडी पावलं मोजली. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाला एडवर्ड मायब्रिज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली टिपत होता. फ्रान्सिस डर्कम या मेंदूविकारतज्ज्ञाने त्याच्यासमोर आपले रुग्ण आणून चालवले. १८८७ मध्ये मायब्रिजचे ७८१ चित्रफलक प्रसिद्ध झाले, त्यांत या रुग्णांची चालही आहे. १८९६ मध्ये जोझेफ बाबिन्स्कीने तळपायाच्या कडेवरून टोकदार वस्तू फिरवली, की मेंदूकडून येणारा मार्ग बिघडलेल्या माणसाचा अंगठा वर वळतो, हे एका अगदी छोट्या टिपणात नोंदवलं. आजही कुठल्याही वॉर्डात ही तपासणी होते. रोग कुठे आहे हे सांगण्यात डॉक्टर पटाईत झाले. सांगून झालं की रुग्णाला परत अंथरुणावर निजवत.

सराव करून हालचाल परत आणता येते, हा विचार आधी दुसऱ्याच आजारात रुजला. स्वित्झर्लंडमधल्या हायडन गावात हाइनरिश फ्रेंकेल हा डॉक्टर सिफिलिसने मज्जारज्जू बिघडून तोल गेलेल्या रुग्णांवर उपचार करत असे. बोट नाकाला लावून दाखवण्याची चाचणी एका रुग्णाला साधली नव्हती. त्याने मागे लागून घरी तिचा सराव केला आणि पुढच्या खेपेला ती करून दाखवली. फ्रेंकेलने यावरून जमिनीवर पावलांच्या खुणा आखून, मोजून-मापून पाऊल टाकण्याचे व्यायाम रचले. १८९० च्या सुमारास सुरू झालेले हे व्यायाम फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात आजही त्याच्या नावाने शिकवले जातात.

अर्धांगवायूबाबत असाच प्रश्न विचारला तो वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करणाऱ्या शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ या मानसशास्त्रज्ञाने. कित्येक वर्षांपूर्वी बाजू गेलेल्या आणि आता काही होणार नाही म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांकडून त्याने मालीश आणि व्यायाम नेटाने करवून घेतले. १९१५ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह लिहिलं, की जुन्या लकव्यातही हालचाल परत येऊ शकते. दोन वर्षांनी माकडांवरच्या प्रयोगात त्याने दाखवलं, की चांगला हात अडकवून ठेवला आणि लुळ्या हातालाच काम करायला भाग पाडलं, तर तो झपाट्याने सुधारतो. हे निष्कर्ष जवळजवळ सहा दशकं कपाटात पडून राहिले.

दरम्यान रुग्णालयांत अंथरूण हाच उपचार होता. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारच्या गरीबगृहाचं रुग्णालय जोडण्यात आलं, आणि मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे एकदम ७१४ जुनाट रुग्णांचा ताबा आला. त्यांत बाजू गेलेले कितीतरी होते. निजून निजून त्यांचे सांधे आखडले होते, पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं त्यांची नीट तपासणीही झालेली नव्हती. वॉरेन यांनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, आणि जे उठू शकतील त्यांना उठवलं, उभं केलं, चालवलं. अनेक जण घरी गेले. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्यांपासून हाडं ठिसूळ होण्यापर्यंत, निजून राहण्याने काय काय होतं याची यादीच त्यात आहे. युद्धातले जखमी सैनिक लवकर उठवले की लवकर बरे होतात, हा अनुभव तोवर लष्करी डॉक्टरांनाही आला होता.

पुढची तीस वर्षं दोन बायकांच्या मतांनी गाजवली. दोघींची सुरुवात जिम्नॅस्टिक्सपासून झाली होती. सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम स्टॉकहोमला शिकून १९२८ मध्ये अमेरिकेत आली. लुळ्या पायात हालचाल परतते ती ठरावीक क्रमाने, हे तिने बारकाईने पाहून लिहिलं. आधी पाय लुळा, मग ताठर. मग सगळे सांधे एकदम वाकणं किंवा एकदम ताठणं, आणि शेवटी एकेक सांधा स्वतंत्र हलणं. ही ठोक हालचाल वाईट मानू नये, सुरुवातीला तिचाच उपयोग करून पुढे जावं, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या सहा पायऱ्या आजही आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या केस पेपरांवर नोंदवल्या जातात.

बर्टा बोबाथ नाझी राजवटीतल्या बर्लिनमधून लंडनला आलेली. १९४३ मध्ये तिला घरी जाऊन बाजू गेलेल्या एका चित्रकाराला मालीश करण्याचं काम मिळालं. विशिष्ट तऱ्हेने हलवल्यावर त्याच्या हाताचा ताठरपणा सैल होतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि त्यातून एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. तिचा पती कारेल हा डॉक्टर. शास्त्रीय मांडणी त्याने केली. बोबाथ पद्धत ब्रुन्स्ट्रॉमच्या बरोबर उलट सांगत होती. चुकीची ठोक हालचाल होऊच देऊ नका, नाहीतर तीच अंगवळणी पडेल. घाईने चालवू नका, आधी उभं राहणं आणि वजन पेलणं नीट होऊ द्या. काठी दिली तर रुग्ण सगळा भार चांगल्या बाजूवर टाकेल, म्हणून काठीही शक्यतो नको. जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी बोबाथचे अभ्यासवर्ग केले. चालण्याची आस लागलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे फक्त उभं राहण्याचे धडे मिळाले.

१९८२ मध्ये सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी साधा मुद्दा मांडला. चालायचं असेल तर चालण्याचाच सराव हवा, खुर्चीतून उठायचं असेल तर उठण्याचा. पुढे जेव्हा पद्धतींची एकमेकींशी तुलना झाली, तेव्हा २००९ च्या एका मोठ्या आढाव्यात बोबाथ पद्धत इतरांहून सरस असल्याचं आढळलं नाही.

भारतात ही विद्या पोचली ती मुंबईत, आणि आधी पोलिओच्या निमित्ताने. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी या नावाने जन्मलेल्या या बाई मराठी माणसाशी लग्न करून इथल्या झाल्या होत्या. त्याच रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. मुलांच्या पोलिओग्रस्त पायांसाठी तयार झालेले हात, कॅलिपर, समांतर दांड्या आणि आरसे मग बाजू गेलेल्या मोठ्या माणसांच्याही कामी आले.

घरच्या माणसांच्या जिद्दीची सर्वांत गाजलेली कहाणी अभिनेत्री पॅट्रिशिया नीलची आहे. ऑस्करची मानकरी असलेली ही अभिनेत्री १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आणि पोटात बाळ असताना, मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळली. शस्त्रक्रियेनंतर उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. पती, लेखक रोआल्ड डाल, तिला इंग्लंडमधल्या गावी घेऊन आला आणि त्याने शेजाऱ्यांच्या पाळ्या लावून दिवसभर तिच्याकडून काहीतरी करवून घ्यायला सुरुवात केली. पायात कॅलिपर घालून ती चालू लागली, ऑगस्टमध्ये तिने मुलीला जन्म दिला, आणि १९६८ मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पाळीला येणाऱ्यांपैकी व्हॅलेरी ईटन ग्रिफिथ यांनी १९७० मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यातून ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या मदतीची चळवळ उभी राहिली.

यंत्रंही त्याच दशकात आली. अमेरिकेत व्लादिमिर लिबर्सन यांनी १९६१ मध्ये बुटाच्या टाचेत एक कळ बसवली. टाच उचलली की कळ सुटायची, पट्ट्याला लावलेल्या डबीतून गुडघ्याखालच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका जायचा आणि लोंबणारा चवडा वर उचलला जायचा. टाच टेकली की वीज बंद. याच तत्त्वावरची उपकरणं आज हातरुमालात मावतील इतकी लहान झाली आहेत. दुसरीकडे चामडं आणि लोखंडाच्या जड कॅलिपरची जागा बुटाच्या आत बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने घेतली. स्वस्त आणि मस्त असा हा उपाय आजही सर्वाधिक वापरला जातो.

ग्रॅहम ब्राउनच्या मांजरांची आठवण १९८० च्या दशकात जागी झाली. कॅनडात मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांची पावलं परत आणण्यात यश आलं. बर्लिनमध्ये स्टेफान हेसे यांनी १९९० च्या दशकात बाजू गेलेल्या रुग्णांना छतापासून पट्ट्यांनी टांगून, शरीराचं थोडं वजन उचलून धरून ट्रेडमिलवर चालवलं. दोन्ही पाय हाताने हलवणारे थेरपिस्ट दमू लागले, तेव्हा झुरिकमध्ये पाय हलवणारा यंत्रमानव तयार झाला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या रुग्णालयांत अशी यंत्रं येऊ लागली. मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांच्या जाहिरातींतही ती झळकली.

या यंत्रांची खरी परीक्षा २०११ मध्ये झाली. अमेरिकेत पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी ४०८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर टांगून चालवलं, दुसऱ्याला सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम करवून घेत. प्रत्येकाला दीड-दीड तासाच्या ३६ बैठका. वर्षअखेर तिन्ही गटांतली सुधारणा सारखीच होती. एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली. घरच्या व्यायामाने महागड्या सामग्रीची बरोबरी केली. आणखी एक समजही या अभ्यासाने मोडला. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते म्हणतात, पण उशिरा सुरुवात केलेला गटही सुधारला होता. पडण्याचा धोका मात्र कुठल्याच गटात टळला नाही. वर्षभरात निम्म्याहून अधिक लोक एकदा तरी पडले.

यंत्रं अगदीच निरुपयोगी, असाही अर्थ काढता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना मुळीच चालता येत नाही, अशांना यंत्र आणि फिजिओथेरपी यांच्या जोडीचा फायदा होतो, असं नंतरच्या आढाव्यांत दिसलं. ज्याला चार पावलं तरी टाकता येतात, त्याला जमीन पुरते.

वेळेचा हिशेबही आता बराचसा कळला आहे. कोपनहेगनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ८०४ रुग्णांच्या अभ्यासात दाखल होताना निम्म्या रुग्णांना चालताच येत नव्हतं. उपचाराच्या शेवटी निम्मे रुग्ण स्वतंत्रपणे चालत होते. एकवीस टक्के मात्र दगावले होते. चालण्यात जी सुधारणा व्हायची, ती ९५ टक्के लोकांत पहिल्या अकरा आठवड्यांत होऊन गेली होती. म्हणजे सुरुवातीचा काळ सोन्याचा. पण इथेही अति तिथे माती. २१०४ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार आणि जास्त वेळ हालचाल करवली गेली. २०१५ मध्ये निकाल लागला तेव्हा या रुग्णांची स्थिती नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडी वाईटच निघाली. आता चांगली रुग्णालयं पहिला दिवस जपून घेतात, आणि मग थोडा थोडा वेळ, अनेकदा उठवतात.

यशाचं मापही बदललं. कॅलिफोर्नियाच्या जॅकलिन पेरी यांनी १९९५ मध्ये चालण्याचा वेग हाच निकष धरला. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरातच फिरतो. ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर जातो, पण मर्यादित. ०.८ च्या पुढे गेला की बाजारहाट आणि रस्ता ओलांडणं जमतं. चाल दिसायला सुंदर आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला.

या सगळ्यातलं किती आपल्यापर्यंत पोचलं? मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका आल्याचं आढळलं. गडचिरोलीत सर्च संस्थेच्या संशोधकांना २०१५ मध्ये दिसलं, की तिथल्या खेड्यांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण झटकाच आहे. साधारण सातांतला एक मृत्यू त्याने होतो, आणि त्यांतले बहुतेक घरीच होतात. हा श्रीमंतांचा किंवा शहरी लोकांचा आजार उरलेला नाही. उपचाराच्या शोधात राजस्थानातल्या नागौर जिल्ह्यातल्या बुटाटीच्या मंदिरापर्यंत लोक रुग्णांना घेऊन जातात. तिथे सात दिवस मुक्काम करून देवळाला प्रदक्षिणा घालायची असते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी रुग्णाला दिवसातून अनेकदा उठवून चालवणं तिथे होतं. कितीतरी घरांत तेवढंही होत नाही.

फिजिओथेरपिस्ट कमी असतील तर घरच्यांनाच शिकवावं, हा विचार साहजिक आहे. भारतात तो मोठ्या प्रमाणावर तपासलाही गेला. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या कुटुंबीयांपैकी निम्म्यांना खास प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. दोन्हींत ४७ टक्के रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते.

हा अभ्यास आणि अमेरिकेतला ४०८ रुग्णांचा अभ्यास शेजारी शेजारी ठेवले, की दीडशे वर्षांच्या या कहाणीचा निकाल लागतो. घर ही जागा पुरेशी आहे, महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. पण घरी येऊन आठवड्यातून दोन-तीनदा दीड तास व्यायाम करवून घेणारा, जमेल तसा तो कठीण करत नेणारा प्रशिक्षित माणूस हवाच. आज त्याचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून होतो आणि म्हणून तो दोन आठवड्यांत बंद पडतो. झटक्यावरच्या सरकारी योजनांनी रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध तालुक्यापर्यंत न्यावं, ते आवश्यकच आहे. त्याच्या जोडीला पहिल्या तीन महिन्यांची घरपोच फिजिओथेरपी त्याच योजनेत बसवावी. आणि तोवर, ज्यांच्या घरी कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल, त्यांनी डिस्चार्ज घेताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात: चालण्याचा सराव कधी सुरू करायचा, रोज किती वेळ, आणि तो पाहायला कोण येणार.